रिकाम्या खुर्चीचे कार्ड

एकतीस वर्षांच्या पत्रकारितेत माझ्या बातम्यांवर तीन वेळा खुलासा करावा लागला. खुलासा म्हणजे आदल्या बातमीतली चूक कबूल करणारा चार-पाच ओळींचा मजकूर. तो आतल्या पानावर, अगदी खाली, हवामानाच्या चौकटीशेजारी असतो आणि शक्यतो कोणाच्या नजरेस पडू नये अशा बेताने लावलेला असतो.

पहिला एका निवृत्त मुख्याध्यापकांविषयी होता. शोकसभेच्या बातमीत दिवंगताच्या जागी त्यांचे, म्हणजे सभेच्या अध्यक्षांचे, नाव पडले. दुसऱ्या दिवशी ते स्वतः बुलढाण्याच्या आमच्या कार्यालयात आले, चहा घेतला आणि म्हणाले, "बातमी चांगली लिहिली. फक्त घाई झाली." दुसरा खुलासा धरणातून पाणी सोडण्याच्या तारखेचा. ती चूक माझी नव्हती, पण नोंद माझ्या नावावर आहे. तिसरा खुलासा खुलाशाच्या जागी आला नाही. तो जिल्ह्याच्या पानावर, चार कॉलमांत आला. हा लेख त्याविषयी आहे. बातमीत निकाल आधी सांगतात, म्हणून एवढे सुरुवातीलाच नोंदवतो की नुकसान होता होता राहिले.

जिल्हा दैनिकात आरोग्य हा विषय ज्याच्याकडे असतो त्याला एक बातमी वर्षभर पुरते. ती रिक्त पदांची. मंजूर इतकी, भरलेली इतकी, रिकामी इतकी. आकडे कार्यालयातून मिळतात, मधे एखाद्या पुढाऱ्याचे निवेदन येते आणि शेवटच्या परिच्छेदात ग्रामस्थांत संताप असतो. गावाचे नाव बदलले की बातमी नवी होते. अशा किती बातम्या लिहिल्या याची मी मोजदाद ठेवली नाही. त्यांतल्या एकीतही रिकाम्या खुर्चीशेजारच्या खुर्चीवर जो माणूस बसला आहे त्याचे काय चालले आहे, हे मी लिहिले नव्हते, एवढे मात्र खात्रीने सांगता येते.

प्रकरण संग्रामपूर तालुक्यातल्या एका गावाचे आहे. गावाचे नाव देत नाही आणि माणसांची नावे बदलली आहेत. लोकांनी मला माफ केले आहे; विसरले आहेत असे नाही. बुलढाणा घाटावर, संग्रामपूर खाली सातपुड्याच्या बाजूला. जायचे तर खामगावला एक बस बदलायची, शेगावला दुसरी, मग वरवट बकालवरून पुढे. जाऊन परत येण्यात दिवस जातो. त्यामुळे तिकडच्या बातम्या फोनवर होतात. हे अंतर या प्रकरणात महत्त्वाचे आहे.

त्या गावात आरोग्य उपकेंद्र आहे. दोन खोल्या, बाहेर व्हरांडा, एक लिंब. त्याखाली पाच गावे येतात. आरोग्यसेविकेची पदे दोन. लोक तिला नर्सबाई म्हणतात. लहान मुलांना लस टोचणे, गरोदर बायांची तपासणी, तापाच्या रुग्णाच्या रक्ताचा नमुना घेणे, म्हाताऱ्यांचा बीपी आणि साखर पाहणे आणि या सगळ्याची रजिस्टरे भरणे, हे तिचे काम. दोनपैकी एक पद चार वर्षे रिकामे होते. दुसऱ्यावर ललिता वानखडे होत्या. घर शेगावला, मुलगी दहावीत, नवरा खासगी बसवर चालक. पाचही गावे त्या एकट्या पाहत.

गावात आरोग्य समिती असते, हे बाहेरच्या वाचकाला बहुधा ठाऊक नसते. ग्रामपंचायतीची एक सदस्य अध्यक्ष, आशाताई (गावची आरोग्य स्वयंसेविका), अंगणवाडीच्या बाई, शिवाय गावातली काही माणसे. एका संस्थेने त्या वर्षी अशा समित्यांना कार्डे दिली होती. कार्डावर प्रश्न आणि प्रत्येक प्रश्नापुढे रिकामा गोल. नर्सबाई ठरल्या दिवशी येतात का, औषधे मिळतात का, वृद्धांची तपासणी होते का, असे. सेवा चांगली असेल तर गोल हिरवा रंगवायचा, अधलीमधली असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. मग जनसुनवाई. म्हणजे तालुक्याचे आरोग्य अधिकारी लोकांसमोर बसतात आणि कार्डावरच्या एकेका गोलाला उत्तर देतात.

कार्ड भरले गेले तेव्हा मी तिथे नव्हतो. पुढचे संभाषण हजर असलेल्या तिघांनी मला वेगवेगळे सांगितले आणि ते जुळले.

समितीच्या अध्यक्ष शोभाताई. घरी मिरची आणि वांगी. माल आठवडी बाजारात त्या स्वतः नेतात आणि भाव स्वतः ठरवतात. आशाताई सुनीता. आणि सदस्य दादाराव, निवृत्त कोतवाल. कोतवाल म्हणजे तलाठ्याच्या हाताखालचा गावकामगार. दादारावांनी सहा तलाठी पाहिले होते आणि सहाही आपणच घडवले असे त्यांचे मत होते. त्या दिवशी नर्सबाई दुसऱ्या गावी लसीकरणाला गेल्या होत्या.

"नर्सबाई ठरल्या दिवशी येतेत का?" सुनीताने प्रश्न वाचला.

"येतेत ना," शोभाताई म्हणाल्या. "कर हिरवा."

"थांब वं पोरी," दादाराव म्हणाले. "हिरवा केला का कामच संपलं आपलं."

"काऊन?" सुनीताने विचारले.

"मी तीस वर्स तलाठ्यासंगं पैसेवारी केली. ज्या साली पीक चांगलं दाखवलं त्या साली गावाले काही भेटलं का? पन्नासच्या आत आली तं भेटते. सरकारले हिरवं दिसलं का सरकार बॅग उचलून घरी जाते."

पैसेवारी म्हणजे पिकाचा सरकारी अंदाज. तो पन्नास पैशांच्या आत आला तर गावाला सवलती मिळतात, वर गेला तर नाही. त्यामुळे पीक कसेही असो, आकडा पन्नासच्या आत राहावा अशी प्रत्येक गावाची धडपड असते. दादारावांचे निम्मे आयुष्य त्या धडपडीत गेले होते.

"दुसरी नर्सबाई पाह्यजे का नाई गावाले?" त्यांनी विचारले.

"पाह्यजेच ना," शोभाताई म्हणाल्या.

"मंग लाव लाल. सगळे लाल."

सुनीता पेन धरून बसली. "पन बुवा, बाई तं येतेत. त्यायले काय वाटन?"

"बाईचं काय हाय त्याच्यात? हे काय बाईचं कार्ड हाय? गावाचं कार्ड हाय हे. पैसेवारी कमी आली म्हनून शेतकऱ्याले कधी नोटीस आली का? आली असन तं सांग."

सुनीताने गोल रंगवायला घेतले. लाल स्केचपेन मधेच सुकले. उरलेले दोन गोल शोभाताईंनी कुंकू पाण्यात कालवून बोटाने भरले. सगळ्यांनी सह्या केल्या.

त्या कार्डाचा फोटो आमच्या वरवटच्या प्रतिनिधीने मला व्हॉट्सॲपवर पाठवला. झाडून सगळे गोल लाल. दोन गोलांचा लाल इतरांपेक्षा वेगळा दिसत होता, हे मला तेव्हाही दिसले होते. मी विचारले नाही.

मी ललिता वानखडे यांच्या मोबाइलवर फोन केला. तो वाजून बंद झाला. मग मी बातमीत लिहिले, 'आरोग्यसेविकेशी संपर्क होऊ शकला नाही.' या वाक्याविषयी थोडे सांगायला हवे. ते वार्ताहराच्या संरक्षणासाठी असते. दुसरी बाजू घेण्याचा प्रयत्न केला, एवढेच त्यातून सिद्ध होते. प्रयत्न किती वेळा केला आणि कोणत्या वेळी, हे त्यात लिहायचे नसते. वाचकाला मात्र त्याचा अर्थ असा लागतो की ती व्यक्ती तोंड लपवून बसली आहे. हे वाक्य मी कित्येकदा लिहिले होते.

मथळा डेस्कवरच्या उपसंपादकाने दिला, 'नर्सबाई फिरकेना. गावाने दिले लाल कार्ड'. मजकूर माझा होता आणि तो मथळ्याहून सौम्य नव्हता. बातमीतला शब्द न् शब्द कार्डाला धरून होता. कोणी न्यायालयात गेले असते तर मी सुटलो असतो.

चौथ्या दिवशी ललिताबाईंना कारणे दाखवा नोटीस मिळाली. आठवड्याने बदलीचा प्रस्ताव जिल्ह्याला गेला. जागा सुचवली होती सिंदखेडराजा तालुक्यातली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाची. इथल्या उपकेंद्रात दुसरे पद आधीच रिकामे होते. आता पहिलेही रिकामे होणार होते आणि पाच गावांना एकही नर्सबाई उरणार नव्हती. जनसुनवाई नऊ दिवसांवर होती.

पुढच्या मंगळवारी शोभाताई आणि दादाराव बुलढाण्याला आमच्या कार्यालयात आले. पहाटेच्या बसने निघाले होते. पोचले तेव्हा साडेअकरा झाले होते. शोभाताईंनी घडी केलेला पेपर माझ्या टेबलावर ठेवला.

"हे तुमीच लिहलं?"

"हो."

"मंग वापस घ्या."

छापलेली बातमी परत घेता येत नाही, हे मी त्यांना समजावून सांगितले. मग मोबाइलवर कार्डाचा फोटो काढून समोर धरला. "या सह्या तुमच्याच ना?"

"हाव."

"आणि हे लाल गोल?"

"आमचेच हायेत. हे दोन तं माह्या बोटाचे. कुंकवाचे."

"मग बातमीत चुकीचे काय आहे?"

शोभाताईंनी दादारावांकडे पाहिले. दादारावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "साहेब," ते म्हणाले, "आमी पैसेवारी लावली."

मला कळले नाही. त्यांनी पहिल्यापासून सांगितले. मी इतकी वर्षे पैसेवारीच्याही बातम्या करत होतो, ती कशी ठरते हे मला तोंडपाठ होते. पण माणूस ती उपकेंद्राला लावील हे डोक्यात आले नव्हते. हसू आले. समोर दोघेही हसत नव्हते, म्हणून ते आवरले.

"आता जनसुनवाईत सगळे हिरवे म्हणालात, तर साहेब म्हणतील कार्ड खोटे होते," मी म्हणालो. "मग दुसऱ्या नर्सची मागणीही खोटी ठरेल."

दादारावांनी बोटांवर हिशेब केला. "म्हंजे लाल ठेवला तं हाये थे जाते. हिरवा केला तं येनारी येत नाई."

"तसेच."

"अन् गावातले पोट्टे म्हनून राह्यले का उपकेंद्राले कुलूप ठोका. आंदोलन करा."

"कुलूप ठोका म्हनते," शोभाताई उसळल्या. "मंग बाई बसन कुठी? तुमच्या ओट्यावर?" आणि माझ्याकडे वळून, आवाज न चढवता म्हणाल्या, "साहेब, तुमी एक खेप गावात आले असते ना, तं बाईच भेटल्या असत्या तुमाले. रोज भेटतेत."

गुरुवारी येतो, म्हणालो.

गुरुवारी उपकेंद्रात लसीकरण होते. व्हरांड्यात बाया लेकरे घेऊन बसल्या होत्या. ललिता वानखडे चाळिशीच्या, किडकिडीत, चष्मा नाकावर घसरलेला. मी नाव सांगितले. त्यांनी मान वर न करता पुढचे लेकरू घेतले.

"तुमचा मिस कॉल होता," त्या म्हणाल्या. "एक."

"बातमीची वेळ झाली होती."

"माझ्या एका हातात दीड महिन्याचं लेकरू होतं, दुसऱ्या हातात सिरिंज. कोणतं खाली ठेवायचं होतं?" त्यांनी टोचले, कापूस दाबला, लेकरू आईकडे दिले. "बसा. वेळ लागेल मला."

मी तीन तास बसलो. त्यांनी माझ्याशी फारसे बोलणे केले नाही आणि मीही विचारले नाही, पाहत राहिलो. लसीकरणानंतर त्यांनी दोन गरोदर बायांना तपासले. एकीचा बीपी वाढलेला निघाला, तेव्हा समोर बसून तिच्या नवऱ्याला फोन लावला आणि तो गाडी घेऊन येईपर्यंत तिला उठू दिले नाही. लसींचा उरलेला डबा बर्फासह बंद केला. मग रजिस्टरे. शोभाताई आणि दादाराव एव्हाना व्हरांड्यात येऊन टेकले होते. बाईंना तोंड दाखवायची त्यांची हिंमत होत नव्हती, असे मला वाटते. माझ्या आडोशाने ते आले.

"कार्ड पाहिलं मी," ललिताबाई अखेर म्हणाल्या. दादाराव टोपी चाचपू लागले. "सगळंच काही खोटं नाही त्याच्यात. वृद्धांची तपासणी, तो लाल बरोबर आहे. दोन गावांतल्या म्हाताऱ्यांकडे मी तीन-तीन महिने पोचत नाही. पोचूच शकत नाही. पण ते लाल माझं नाही." त्यांनी पेनाने भिंतीकडे दाखवले. तिथे दुसरी खुर्ची होती. तिच्यावर रजिस्टरांची चळत आणि वर सिरिंजचे खोके. "ते त्या खुर्चीचं आहे. चार वर्षं रजिस्टरंच बसलीत तिच्यावर."

दादाराव एकदम उठून उभे राहिले.

"हात तिच्या!" ते म्हणाले. "ओलीत अन् कोरडवाहू एकाच वहीत मांडलं आपुन. पयल्या दिवशी तलाठ्याले शिकवतो मी, का विहिरीखालचं रान अन् कोरडं रान कधी एकत्र करू नको. अन् मीच केलं."

"मंग आता?" शोभाताई म्हणाल्या.

"मंग काय? दोन वह्या कर. एक बाईची, एक खुर्चीची."

ललिताबाईंनी चष्मा वर सरकवला. "करा काय करायचं ते. पण या वेळी मला विचारून रंगवा."

पुढचे पाच दिवस समिती घरोघर फिरली. संस्थेचे छापील कार्ड बाजूला ठेवून शोभाताईंनी दोन पुठ्ठे घेतले. एकावर नर्सबाईंनी करायची आणि त्या करत असलेली कामे, दुसऱ्यावर माणूस नाही म्हणून होत नसलेली. ज्या घरचे काम राहून गेले त्या घरच्या माणसाचा अंगठा किंवा सही दुसऱ्या पुठ्ठ्याच्या मागे. पाचही गावे. सुनीताने सांगितले की सगळ्यात जास्त वेळ पुठ्ठ्यांवर नाही, दादारावांना घरात बसून चहा घेण्यापासून परावृत्त करण्यात गेला.

जनसुनवाई प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात होती. छोटा मांडव, पुढे बाया, मागे पुरुष, टेबलापलीकडे तालुका आरोग्य अधिकारी. हा माणूस वाईट नव्हता, हे नोंदवणे भाग आहे. पेपरमध्ये बातमी आली की वरून फोन येतो आणि फोन आला की काही केल्याचे दाखवावे लागते. बदलीचा प्रस्ताव ही त्याची 'केलेली' कार्यवाही होती. त्या फोनामागे माझी बातमी होती.

या गावाचा क्रमांक आला. अधिकाऱ्यांनी जुने कार्ड उचलले.

"तुमची तक्रार मिळाली. कार्यवाही झाली आहे. आरोग्यसेविकेची बदली प्रस्तावित आहे."

"तक्रार नव्हतीच थे," शोभाताई म्हणाल्या.

"सगळे गोल लाल आहेत, ताई."

"हाव. आमी चुकीचे लावले."

मांडवात कुजबुज झाली. अधिकाऱ्यांनी कार्ड खाली ठेवले. "म्हणजे कार्ड खोटं होतं? मग तुमच्या आजच्या म्हणण्यावर तरी मी विश्वास कसा ठेवू?"

हाच प्रश्न येणार हे मला माहीत होते आणि त्याचे उत्तर मला सापडलेले नव्हते. मी वही काढून मागच्या रांगेत बसलो होतो. ललिताबाई डाव्या हाताला कर्मचाऱ्यांच्या बाकावर होत्या, हात मांडीवर.

दादाराव उभे राहिले. टोपी काढली नाही, उलट नीट केली. "साहेब, खोटं नाई. पैसेवारी हाये. माह्या सल्ल्यानं झाली. मी रिटायर कोतवाल." आणि त्यांनी सगळे सांगितले, पन्नासच्या आतला आकडा, हिरवे पाहून घरी जाणारे सरकार, शेतकऱ्याला न येणारी नोटीस. मागच्या बाजूला हसू सुरू झाले आणि पुढे सरकत बायांपर्यंत आले. दादाराव थांबले नाहीत. "आमाले वाटलं, लाल दिसलं का मदत येते. मदत नाई आली, नोटीस आली. अन् थे बी जिच्या भरोशावर गाव हाये तिले. मंग ध्यानात आलं का ओलीत अन् कोरडवाहू एकत्र केलं आपुन."

तालुका अधिकारीही हसले. ते शेतकऱ्याच्या घरचे असावेत. नंतर विचारले तर निघालेही. "बरं," ते म्हणाले. "मग ओलिताची किती आणि कोरडवाहूची किती?"

शोभाताईंनी दोन्ही पुठ्ठे वर धरले. पहिला हिरवा होता, त्यात एक पिवळा गोल. दुसरा वरपासून खालपर्यंत लाल. "हे नर्सबाईचं कार्ड. अन् हे तिच्या बाजूच्या रिकाम्या खुर्चीचं. याच्या मांगं अंगठे हायेत. कोनाची बीपी कोन्या महिन्यापासून राह्यली थे लिहलं हाये. घरी जाऊन इचारा पाह्यजे तं."

अधिकाऱ्यांनी दुसरा पुठ्ठा उलटून बराच वेळ वाचला. मग पहिल्याकडे बोट दाखवले. "हा एक पिवळा कशाचा?"

"बाई टोचताना फोन उचलत नाईत."

या वेळी हसू कर्मचाऱ्यांच्या बाकावरून सुरू झाले. ललिताबाईंनी पदर तोंडाला लावला होता. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिले. त्या पिवळ्या गोलाचा संबंध मांडवात किती जणांना कळला हे मला माहीत नाही. मला कळला.

अधिकारी म्हणाले, प्रस्ताव माझ्या हातून पुढे गेला आहे; तो मागे घ्यावा अशी शिफारस करीन. दुसऱ्या पदाचे वचन देत नाही, पण हे कार्ड सोबत जोडीन.

"लिहून द्या," शोभाताई म्हणाल्या.

"कार्यालयातून पत्र येईल ना."

"पत्र येईन तवा येईन. हे इतिवृत्ताचं रजिस्टर हाये. इथंच लिहा. वांगे उधार देत नाई मी, साहेब."

अधिकाऱ्यांनी तिथेच लिहिले, सही केली, शिक्का मागवून मारला.

संध्याकाळच्या बसमध्ये मी बातमी लिहिली. खुलासा द्यायचा तर तो हवामानाच्या शेजारी जाणार होता, आणि मूळ बातमी चार कॉलम होती. मी संपादकांना म्हणालो, जनसुनवाईची बातमी चार कॉलम द्या, खुलासा तिच्या पहिल्या परिच्छेदात घालतो.

"पहिल्या परिच्छेदात स्वतःची चूक कोणी घालतं का?" ते म्हणाले.

"चूकच बातमी आहे," मी म्हणालो. त्यांनी एक शब्द कापून ती जाऊ दिली. पहिला परिच्छेद असा होता: 'या दैनिकाने दिलेली बातमी कार्डाप्रमाणे होती, वस्तुस्थितीप्रमाणे नव्हती. आरोग्यसेविका नियमित येतात. वार्ताहर गेला नव्हता.' शेवटच्या वाक्यात मूळ 'एकदाही' असा शब्द होता. कापला गेला तो तोच.

मग वाट पाहणे. अडीच आठवडे काही आले नाही. शिफारस वाटेत असताना बदलीचा आदेश आधी पोचला तर काय, हा प्रश्न होता आणि कार्यालयांत असे घडते हे मी अनेकदा छापले होते. जिल्हा कार्यालयात मी रोज चक्कर मारत होतो. बातमीसाठी नाही, एवढे कबूल करतो. एका शुक्रवारी तिथल्या लिपिकाने मला पाहून नुसती मान हलवली आणि टेबलावरचा कागद माझ्याकडे फिरवला. प्रस्ताव दफ्तरी दाखल. म्हणजे फाइल बंद, बाई जागेवर. मी बाहेर येऊन जिन्यावर बसलो. शोभाताईंना फोन केला तेव्हा त्या बाजारात होत्या. पलीकडून आधी वांग्याचा भाव ऐकू आला, मग मी सांगितले ते त्यांनी मोठ्याने कोणालातरी सांगितले, मग एकदम खूप माणसे बोलू लागली आणि फोन बंद झाला.

दुसरे पद भरायला मात्र वेळ लागला. त्या काळात मी एक नियम केला. 'संपर्क होऊ शकला नाही' हे वाक्य तीन वेळा फोन केल्याशिवाय लिहायचे नाही, आणि तेही वेगवेगळ्या वेळी. निवृत्तीपर्यंत पाळला. अगोदरच्या वर्षांत ज्यांना एकेक फोन करून मी मोकळा झालो, त्यांची यादी माझ्याजवळ नाही. ती असती तरी करता येण्यासारखे फारसे नाही.

पावसाळा संपता संपता एका दुपारी मी जिल्हा परिषदेच्या बैठकीत होतो. फोन आवाज बंद करून खिशात. बाहेर आलो तर स्क्रीनवर ललिता वानखडे यांचे दोन मिस कॉल होते. मी पाहत असतानाच तिसरा वाजला.

"तीन वेळा केला मी," त्या म्हणाल्या.

"बैठकीत होतो."

"असाल. म्हणून तर तीन वेळा केला." मागे लेकरू रडत होते आणि कोणीतरी दुसरी बाई त्याला समजावत होती, अनोळखी, तरुण आवाज. "दुसरी सिस्टर आज हजर झाली. सकाळी खुर्ची पुसून दिली तिला. दादारावांनी हार आणला होता, तिला वाटलं पुढारी आहेत."

"बातमी देऊ का?"

"नका देऊ," त्या म्हणाल्या. "रुळू द्या तिला. आणि दिलीच तर येऊन द्या."

बातमी मी दिली नाही. पुढच्या गुरुवारी गेलो. व्हरांड्यात दोन रांगा होत्या. शोभाताईंनी चहा सांगितला, आणि मला बसायला खुर्ची मिळाली नाही. दोन्ही भरलेल्या होत्या. मी लिंबाच्या पारावर बसून चहा घेतला.